द्रवरूप हायड्रोजन : विमानाची टाकी आणि तिच्या टिकाऊपणाचा प्रश्न

आटपाडी परिसरात गाई-म्हशी पाळणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला पशुवैद्यकीय दवाखान्यातील ते रुंद पोटाचे आणि अरुंद गळ्याचे अॅल्युमिनियमचे भांडे परिचित आहे. झाकण उचलले की पांढरे धुके बाहेर पडते आणि डॉक्टर चिमट्याने एक बारीक नळी वर काढतात. कृत्रिम रेतनासाठी वळूचे वीर्य साठवण्याचे हे भांडे म्हणजे क्रायोकॅन. आत उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाचा द्रव नायट्रोजन असतो. बाहेरून हात लावला तर मात्र भांडे थंडही लागत नाही. अशी भांडी आपल्याच राज्यात, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, इंडियन ऑइलच्या कारखान्यात तयार होतात. या लेखात आम्ही ज्या विषयाची मांडणी करणार आहोत तो प्रथमदर्शनी फार दूरचा वाटेल : कर्ब-उत्सर्जन कमी करणाऱ्या भावी विमानांत द्रवरूप हायड्रोजन कोणत्या पदार्थाच्या टाकीत साठवावा, आणि ती टाकी वर्षानुवर्षे टिकावी कशी? परंतु त्या टाकीचे मूळ तत्त्व आणि दवाखान्यातील या भांड्याचे तत्त्व एकच आहे.

क्रायोकॅनला दोन भिंती असतात आणि दोहोंमधील हवा काढून टाकलेली असते. निर्वातातून उष्णता वाहून नेणारे माध्यमच उरत नाही. आतले भांडे बाहेरच्या भांड्याला फक्त गळ्याशी जोडलेले असते, आणि तो गळा धातूचा न करता काचतंतू व राळ यांच्या मिश्रणाचा करतात, कारण धातूतून उष्णता झरझर आत उतरेल. हीच युक्ती प्रथम जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये योजली. आपल्या घरातील चहाचा थर्मास तिचाच वंशज. याच ड्यूअरने १८९८ मध्ये हायड्रोजन वायूचे प्रथमच द्रवात रूपांतर केले. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांना उकळतो. द्रव नायट्रोजनपेक्षा तो आणखी ५७ अंशांनी थंड असतो. या तापमानाला आपल्या श्वासातील हवासुद्धा गोठून बर्फासारखी घट्ट होते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? ऊर्जावापरातून होणाऱ्या जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमान वाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. टक्केवारी लहान दिसते, पण मोटारगाड्या विजेवर चालवणे जितके सुकर झाले तितके विमानाचे झालेले नाही. लांब पल्ल्याचे विमान उडवण्याइतक्या बॅटऱ्या विमानात घातल्या तर विमान त्यांच्याच वजनाने जमिनीवर राहील. हायड्रोजन जळाला की कार्बन डायऑक्साइड होत नाही, पाणी होते. शिवाय एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा असते, तर विमानातील केरोसीनमध्ये सुमारे ४३. वजनाच्या हिशेबात हायड्रोजन जवळजवळ तिप्पट सरस आहे.

आकारमानाच्या हिशेबात मात्र पारडे उलटते. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात सुमारे २४,००० लिटर केरोसीन मावते. तेवढीच ऊर्जा द्रवरूप हायड्रोजनमधून मिळवायची तर सुमारे ९८,००० लिटरची जागा लागेल. टंचाईच्या वर्षी वाड्यावस्त्यांवर येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तसे जवळजवळ दहा टँकर. त्या दहा टँकरमधील पाण्याचे वजन ९८ टन भरेल, पण तेवढ्याच जागेतील द्रव हायड्रोजन अवघा सात टन. इतके हलके आणि इतके जागा व्यापणारे दुसरे इंधन नाही. केरोसीन पंखांच्या पोकळीत वाटेल त्या आकारात भरता येते. हायड्रोजनला ती मुभा नाही. त्याला गोल किंवा दंडगोल टाकी हवी, कारण त्या आकारात आतल्या द्रवाच्या मानाने पृष्ठभाग कमी राहतो, उष्णता कमी शिरते आणि वायूचा दाबही सर्व बाजूंनी सारखा पेलला जातो. म्हणून ही टाकी पंखातून निघून विमानाच्या धडात, प्रवाशांच्या मागील भागात येऊन बसते. वायुरूपातच जास्त दाबाने भरावा म्हटले, तर जाड भिंतींच्या टाकीचे वजन इंधनाच्या कित्येक पट होते. मोटारीला ते चालते, मोठ्या विमानाला नाही.

आता टाकी कशाची करावी? साधे पोलाद स्वस्त आणि बळकट आहे, परंतु कडक थंडीत ते काचेसारखे ठिसूळ होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने बांधलेल्या मालवाहू जहाजांच्या पोलादी पत्र्यांना थंड पाण्यात तडे जाऊ लागले. जानेवारी १९४३ मध्ये 'स्केनेक्टडी' नावाचे नवे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या गोदीत उभ्या उभ्या मधोमध दुभंगले. पुढील अभ्यासातून कळले ते असे : धातूतील अणूंची रचना ठरावीक साच्याची असते. साध्या लोखंडाच्या साच्यात तापमान उतरले की अणूंचे थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. मग धातू वाकत नाही, थेट तुटतो. अॅल्युमिनियम, तांबे, निकेल आणि निकेलयुक्त स्टेनलेस पोलाद यांचा साचा निराळा. त्यांत थर सरकण्याचे मार्ग कडक थंडीतही खुले राहतात. दवाखान्यातील भांडे अॅल्युमिनियमचे असण्याचे एक कारण हेच.

थंडीचा हा एक विकार झाला. हायड्रोजन आणखी एक विकार बरोबर आणतो, आणि तो समजण्यासाठी आटपाडी-खानापूरच्या माणसाला परक्या उदाहरणाची आवश्यकता नाही. आपल्या भागातील असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या व्यवसायानिमित्त भारतभर विखुरलेली आहेत. सोने गाळणाऱ्या कारागिराला ठाऊक असते की मुशीत शिशाचा नखभर अंश राहिला तरी लवचीक सोने हातोडीखाली चिरते. शिसे सोन्याच्या कणांच्या सांध्यांत जाऊन बसते आणि तेथून ते सोने उलते. हायड्रोजनचा अणू तर अतिशय लहान. तो पोलादाच्या अंगात शिरतो, सांध्यांत व सूक्ष्म दोषांच्या ठिकाणी साठतो आणि ताण पडताच तेथे चीर सुरू होते. बळकट पोलाद जितके कडक, तितका हा धोका अधिक. गंमत अशी की टाकीच्या अगदी थंड पोटात हा विकार फारसा बळावत नाही, कारण उणे २५३ अंशांना हायड्रोजनचे अणू धातूत फार मंद सरकतात. खरी जपणूक करावी लागते ती टाकीतून बाहेर पडणाऱ्या नळ्या, झडपा आणि पंप यांची. तेथे इंधन हळूहळू ऊबदार होत जाते. स्टेनलेस पोलादालाही हायड्रोजनचा सर्वाधिक त्रास मधल्या थंडीतच, उणे ५० ते उणे ७० अंशांच्या आसपास होतो. अॅल्युमिनियमची मिश्रणे कोरड्या हायड्रोजनला बरीच दाद देत नाहीत.

म्हणूनच आजवर द्रव हायड्रोजनच्या उडत्या टाक्या मुख्यतः अॅल्युमिनियमच्या झाल्या. आपल्या देशात त्या आधीपासून आहेत, फक्त विमानात नसून अग्निबाणात आहेत. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाचा सर्वांत वरचा टप्पा द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजनवर चालतो. क्रायोजेनिक इंजिने बनवण्यात मुंबईच्या विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्याचा मोठा वाटा आहे. याच प्रक्षेपकाची क्षमता वाढवण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २०२० मध्ये इस्रोला एक टाकी सुपूर्द केली : चार मीटर व्यास, आठ मीटर लांबी, ८९ घनमीटर पोकळी आणि ५,७५५ किलो इंधन. ८९ घनमीटर म्हणजे ८९,००० लिटर. वर आम्ही ए-३२० साठी काढलेल्या आकड्याच्या ती किती जवळ आहे हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. या टाकीतील वेल्डिंगची एकूण लांबी ११५ मीटर भरली, आणि त्यातील प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासला गेला.

मग विमानाचा प्रश्न सुटला, असे म्हणता येईल काय? नाही, आणि या लेखाचा गाभा येथेच आहे. अग्निबाणाची टाकी एकदाच भरते, एकदाच रिकामी होते आणि टाकून दिली जाते. तिचे कामाचे आयुष्य तासांत मोजता येते. विमानाचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. दिवसाला चार उड्डाणे, वर्षाला तीनशे दिवस आणि वीस वर्षे धरली तर २४,००० उड्डाणे होतात. प्रत्येक वेळी टाकीतील पातळी खाली जाणार, दाब चढणार-उतरणार, धावपट्टीवर हादरे बसणार. शक्ती आणि टिकाऊपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखादी तार वजन सहज पेलते, पण तीच तार शंभर वेळा इकडेतिकडे वाकवली की हातात तुटते. विमानशास्त्राने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. कॉमेट या जगातील पहिल्या प्रवासी जेट विमानाचे दोन अपघात १९५४ मध्ये झाले, त्यामागे केबिनमधील दाबाच्या वारंवार चढउताराने धातूला आलेला थकवा होता.

काळाचा परिणाम आपल्या अग्निबाणानेही अनुभवला. १९ ऑगस्ट २०१३ रोजी जीएसएलव्ही-डी५ चे उड्डाण सुमारे सव्वा तास आधी थांबवावे लागले, कारण दुसऱ्या टप्प्यातील इंधनाच्या टाकीतून गळती सुरू झाली होती. ती टाकी हायड्रोजनची नव्हती, साध्या तापमानाच्या द्रव इंधनाची होती; परंतु कारण आपल्या विषयाचेच होते. टाकी अॅफनॉर ७०२० या अॅल्युमिनियम मिश्रणाची होती. हे मिश्रण बळकट खरे, पण ताण आणि भोवतालचा रासायनिक परिणाम यांच्या एकत्रित माऱ्याखाली काळाच्या ओघात त्याला चिरा जातात. नंतर ती टाकी २२१९ या मिश्रणाची करण्यात आली आणि ५ जानेवारी २०१४ रोजी तेच यान यशस्वीपणे झेपावले. २२१९ हे तांबे मिसळलेले अॅल्युमिनियम. ते वेल्डिंगला सोपे, आणि थंडीत त्याचे बळ उलट वाढते. लिथियम मिसळलेले २१९५ हे त्याहून हलके मिश्रण अमेरिकेच्या स्पेस शटलच्या मोठ्या टाकीसाठी जून १९९८ पासून वापरले गेले आणि टाकीचे वजन सुमारे ३,४०० किलोंनी घटले. तथापि लिथियमयुक्त मिश्रणाचे जोडकाम अवघड असते.

जोडकामाबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण टाकी बहुधा पत्र्यात नव्हे तर सांध्यात हरते. नेहमीच्या आर्गन वेल्डिंगमध्ये धातू वितळतो आणि थिजताना त्यात बारीक पोकळ्या राहू शकतात. इंग्लंडमध्ये १९९१ साली शोधलेल्या एका पद्धतीत धातू वितळवतच नाहीत : फिरती कडक खुंटी दोन पत्र्यांच्या सांध्यातून पुढे नेली जाते, घर्षणाने धातू लोण्यासारखा मऊ होतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मळल्या जातात. अग्निबाणांच्या टाक्यांत ही घर्षण-जोडणी आज स्थिरावली आहे.

थंडीने आणखी एक गोष्ट होते; टाकी आकसते. खोलीच्या तापमानापासून द्रव हायड्रोजनपर्यंत उतरताना अॅल्युमिनियम सुमारे ०.४ टक्के लहान होते. पाच मीटरची टाकी दोन सेंटिमीटरने आखूड होते. बाहेरचे विमान मात्र आहे तेवढेच राहते. त्यामुळे टाकी विमानात घट्ट आवळून बसवता येत नाही; एका टोकाला धरावी लागते आणि दुसऱ्या टोकाला सरकायला मोकळीक ठेवावी लागते. दोन उड्डाणांच्या मध्ये टाकी पुरती रिकामी करून ऊबदार होऊ देण्यापेक्षा थोडा द्रव हायड्रोजन विरजणासारखा तळाशी राखून ठेवणे श्रेयस्कर, असा विचार यातूनच पुढे येतो. टाकी थंडच राहिली तर आकसणे-फुगणे वाचते.

उष्णता अडवणाऱ्या आवरणाचा प्रश्नही असाच दुधारी आहे. क्रायोकॅनप्रमाणे निर्वात भिंत केली तर संरक्षण उत्तम मिळते. पण बाहेरच्या भिंतीवर हवेचा दाब प्रत्येक चौरस मीटरला सुमारे दहा टन इतका पडतो, आणि तो पेलण्यासाठी भिंत जाड, म्हणजे जड करावी लागते. शिवाय निर्वात फुटला तर संरक्षण एका क्षणात जाते. आतील हायड्रोजन उकळू लागतो आणि एक लिटर द्रवाचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो. दुसरा मार्ग फेसाच्या थराचा. तो हलका व स्वस्त, परंतु त्यात भेगा पडतात. भेगेतून शिरलेली हवा थंड धातूजवळ द्रव होते, पुन्हा ऊब लागताच फुगते आणि फेस उचकटते. हे केवळ वहीतील गणित नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या उड्डाणानंतर दीडएक मिनिटात, द्रव हायड्रोजन व ऑक्सिजन वाहणाऱ्या बाहेरील टाकीवरून फेसाचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर ते यान भंगले. कर्नालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी त्यात गेले. शाळाशाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्र असते. त्या चित्राखाली, आमच्या मते, त्या फेसाच्या तुकड्याचीही गोष्ट लिहिलेली असावी. इंधन नव्हे, इंजिन नव्हे, आवरणाचा टिकाऊपणा हरला होता.

धातूपेक्षा हलक्या टाक्यांसाठी कार्बनतंतू आणि राळ यांच्या संमिश्रांकडे आशेने पाहिले जाते. येथे अडचण अशी की थंडीत राळ पुष्कळ आकसते आणि कार्बनतंतू जवळजवळ मुळीच नाही. दोघांच्या ओढाताणीत राळेत केसाहून बारीक चिरा पडतात, आणि हायड्रोजनला तेवढी वाट पुरे होते. अमेरिकेच्या एक्स-३३ या प्रायोगिक यानाच्या संमिश्र टाकीची चाचणी नोव्हेंबर १९९९ मध्ये झाली. द्रव हायड्रोजन भरला तेव्हा टाकी तगली. रिकामी करून ऊबदार होऊ लागल्यावर मात्र तिचा बाहेरचा थर सुटला. आतल्या पापुद्र्याच्या चिरांतून हायड्रोजन मधल्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत शिरला होता आणि ऊब मिळताच त्याने आतून रेटा दिला. २००१ मध्ये तो प्रकल्पच बंद झाला. पुढे तंतूंचे थर अधिकाधिक पातळ करून चिरा रोखण्याचा प्रयत्न झाला, आणि २०१४ मध्ये साडेपाच मीटर व्यासाची संमिश्र टाकी नासाच्या चाचणीत उतरली. परंतु चाचणीत उतरणे आणि चोवीस हजार उड्डाणे काढणे यांत अजून मोठे अंतर आहे.

हायड्रोजनवर विमान उडतच नाही, असे मात्र नव्हे. १५ एप्रिल १९८८ रोजी सोव्हिएत रशियाचे तुपोलेव्ह-१५५ तीनपैकी एका इंजिनात हायड्रोजन जाळून उडाले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हेनियातील मारिबोर येथे द्रव हायड्रोजनवर चालणारे एक छोटे विद्युत विमान वैमानिकासह तीन तासांहून अधिक काळ आकाशात राहिले. एअरबस कंपनीने २०२० मध्ये हायड्रोजनचे प्रवासी विमान २०३५ पर्यंत आणण्याचा संकल्प सोडला होता. २०२५ मध्ये ते वेळापत्रक तिला पुढे ढकलावे लागले. आम्हाला यात अपयशापेक्षा प्रामाणिकपणा अधिक दिसतो. प्रवाशांना घेऊन उडायचे असेल तर टाकी किती वर्षे टिकेल याचे उत्तर आधी द्यावे लागते.

पालकांनी विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे : हा हायड्रोजन येणार कोठून? आज भारतातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून तयार होतो, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे आहे. सौर व पवन विजेने पाण्याचे विघटन करून तो मिळवायचा. आपल्याकडे ऊन आणि वारा यांची वाण नाही. ढालगावच्या पठारावरील पवनचक्क्या आपण रोज पाहतो. पाण्याचे मात्र तसे नाही. एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. ए-३२० च्या एका टाकीइतक्या सात टन हायड्रोजनसाठी ६३,००० लिटर, म्हणजे सहाहून अधिक टँकर. वर तो द्रवरूप करण्यासाठी किलोमागे दहा-बारा युनिट वीज वेगळी. समन्यायी पाणीवाटपासाठी ज्या आटपाडीने पाणी परिषदा भरवल्या, त्या आटपाडीने हा हिशेब डोळसपणे मागितला पाहिजे. समुद्रकाठच्या प्रकल्पात खारे पाणी शुद्ध करून वापरणे वेगळे, आणि टेंभूच्या कालव्यावर डोळा ठेवणे वेगळे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही आज गलाईच्या दुकानांत आहेत, काही कारखान्यांत वेल्डिंग करतात, काहींची मुले बारावीनंतर काय करावे या विचारात आहेत. त्यांच्यासाठी इतके सांगतो की या विषयाचा दरवाजा धातुशास्त्रातून उघडतो, आणि ती शाखा संगणकाच्या गर्दीत हल्ली दुर्लक्षित राहते. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात धातुशास्त्राचा जुना विभाग आहे. मुंबईच्या आयआयटीत धातुशास्त्र व पदार्थविज्ञान यांचा एकत्र विभाग आहे. तिरुवनंतपुरमला इस्रोच्या क्षेत्राशी निगडित अंतराळ विज्ञान संस्था २००७ पासून चालते. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांसाठी इस्रोत तंत्रज्ञांच्या जागा निघतात. ११५ मीटर वेल्डिंगचा प्रत्येक इंच कोणीतरी जोडतो, आणि त्याचे क्ष-किरण चित्र दिव्यासमोर धरून कोणीतरी दुसरा ते निर्दोष आहे की नाही हे ठरवतो. या दोन्ही कामांना माणसे लागणार आहेत.